भीमाआत्याचा फौजदार आन् गावाचं हाड हाड

आमची भीमाआत्या गेली. लई म्हातारी हून गेली, तरी गेली ती गेलीच. दहाव्याला कोल्हारच्या नदीवर मानसं जमली आन् जो तो एकच बोलत हुता, बिचारी जन्मभर बहिरी राहिली. बिचारी म्हनं. ती जिती हुती तवर तिला तोंडावर बिचारी म्हनायची कुनाची टाप नव्हती. ह्या लोकांनी तिला पांढऱ्या केसातच पाह्यली. तरनी भीमा त्यांना म्हाईत न्हाई. तिनं घरात जे सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं, तेच हितं लिवतोय. पटलं तर घ्या, न्हाई पटलं तर ऱ्हाऊ द्या.

ती दुसऱ्या लढाईची सालं. भीमाचे कान बारा-तेरा वर्साची असताना मुदतीच्या तापात गेले. बोलायला आधीच शिकलेली, म्हनून बोलता येत हुतं. फकस्त आपला आवाज आपल्यालाच कळत न्हाई, त्यामुळं नदीच्या पल्याड हाक मारावी तशी बोलायची. समोरच्याच्या तोंडाकडं बगून त्याचं बोलनं वळखायची. लग्नात सासरच्यांना सांगितलं हुतं, जरा कमी ऐकू येतं. तिथं गेल्यावर त्यांना कळलं, जरा न्हाई, काहीच न्हाई. नवऱ्यानं मागून हाक मारली, हिनं वळून पाह्यलं न्हाई, एवढं निमित्त झालं आन् माहेरी आनून सोडली.

माहेरी थोरला भाऊ सूर्यभान, म्हंजी आमचे तात्या, आन् तात्याची बायको लंकाबाई. भीमा काय बसून खानारी नव्हती. नदीकाठचं गवत कापायचं, भारा डोक्यावर घ्यायचा आन् नगर-मनमाड रस्त्यावर बैलगाड्यांचा तळ पडायचा तिथं नेऊन इकायचं. गाडीवाले तिची वाट बगायचे. पर त्याच रस्त्यानं मिल्ट्रीच्या लाऱ्या धावायला लागल्या. एकदा लारी मागून आली. ड्रायव्हर भोंगा वाजवून दमला, भीमा आपली रस्त्याच्या मधून चालली. शेवटी लारी कडंच्या पान्याच्या चारीत घुसली. भीमाच्या लुगड्याला धूळ लागली, बाकी काही न्हाई. पर तात्याचं काळीज फाटलं. त्यानं तिच्यासमोर उभं राहून तोंड मोठं करून सांगितलं, "आजपासून रस्ता बंद. घरात बस."

बसली घरात. लंकाबाई भाकरी थापायची, ही भांडी घासायची. शेजारच्या बाया यायच्या, हिच्याकडं पाठ करून बोलायच्या. भीमा सांगायची, "कान गेले तवा मी मेले न्हाई. घरात बसवली तवा मेले."

मंग कुत्रं आलं.

सत्तार मुलान्याचं मटनाचं दुकान बाजारतळाला हुतं. तिथं एक पिल्लू वाढलेलं, तांबडं, एक कान उभा, एक पडलेला. त्याला घरी न्यावं तर सत्तारची बायको मेहताबभाबी म्हनायची, "म्या नमाज पडते त्या घरात कुत्रं नको." दुकानात ठेवावं तर गिऱ्हाइकाच्या पिशवीत तोंड. एक दिवस तात्या मटनाला गेला तवा सत्तारनं मटनाबरोबर कुत्रं बी दिलं. "न्या सूर्यभान, गोठ्याला राखन व्हईल." तात्या घेऊन आला. लंकाबाई म्हनाली, "मटन थोडं आनलं आन् खानारं एक वाढवलं."

गोठ्याची राखन ऱ्हायली बाजूला, कुत्रं भीमाच्या पायाला चिकटलं. आन् भुकायचं लई. आल्या-गेल्याची झडती घेतल्याबिगर सोडायचं न्हाई, म्हनून लंकाबाईनंच नाव ठेवलं, फौजदार.

आता बहिऱ्या बाईला भुकनाऱ्या कुत्र्याचं काय? पर तिथंच गंमत हाय. भीमाला त्याचं भुकनं ऐकू यायचं न्हाई, ती बगायची. हात लावायची. वळखीचं मानूस आलं तर भुकताना त्याचं मागचं अंग हालायचं. परका आला तर खांद्यावरचे केस ताठ आन् पाठ हिसके खायची, उखळात मुसळ पडावं तशी. जनावर निघालं, म्हंजी सापबिप, तर भुकत भुकत मागं सरायचा, पुढचे पाय जमिनीवर ठरायचेच न्हाईत. आन् लारी यायची असली तर आधी भुकायचाच न्हाई. त्यो उभा कान वळायचा, आन् पोटातून घरघर निघायची, जात्यावर हात ठेवल्यावर लागते तशी.

लंकाबाईला समदं सारखंच. ती कपाळाला हात लावायची, "वन्सं, तुमच्या फौजदारानं डोकं उठवलं माझं."

"कोन आल्तं?"

"मला काय म्हाईत? मी चुलीपुढं हुते."

"रतनबाई आल्ती ताकाला. शेपटीनं अंगन झाडत हुता त्यो."

लंकाबाई बाहेर जाऊन बगायची तर खरंच रतनबाई तांब्या घेऊन उभी.

तर भीमानं एक दिवस तात्याला रस्त्यावर नेलं. "लांब उभा ऱ्हा आन् बग." लाऱ्यांच्या बाजूला पाठ करून, फौजदाराच्या मानंवर हात ठेवून उभी राहिली. तात्या बगत राहिला. लारी वळनावर दिसायच्या आधीच भीमा रस्त्याच्या कडंला झालेली असायची. पुन्हा लारी, पुन्हा तसंच. तात्या घरी येऊन बायकोला म्हनाला, "मला लारी दिसती, तिला लारी यायच्या आधी कळती." दुसऱ्या दिवशी भीमा विळा घेऊन नदीला गेली.

तिचं बरं चाललं की गावाला पोटदुखी. न्हाई, सरळ बोलायचं तर गावाचं बी थोडं खरं हुतं. फौजदार भुकायचा, मानूस म्हनायचं "हाड". आपल्याकडं कुत्र्याला हाकलायला हाडच म्हनत्यात, त्यात काय नवं? कुठलं बी कुत्रं हाड म्हनलं की शेपूट घालून मागं सरतं. ह्यो पुढं यायचा. आनखी जोरात भुकायचा. आनखी "हाड हाड" केलं तर पार अंगाजवळ येऊन, तोंडाकडं बगून भुकायचा. बाया वाट बदलायला लागल्या.

आन् मंग आप्पासाहेब पडले. आप्पासाहेब म्हंजी गावचे पंच, त्यांचा शब्द चावडीवर शेवटचा. सकाळी नदीवरनं आंगुळ करून येत हुते, वलं धोतर खांद्यावर. फौजदार भुकला. आप्पासाहेब "हाड" म्हनाले. त्यो पुढं आला. आप्पासाहेब मागं सरत "हाड, हाड, हाड" करत गेले, त्यो तेवढाच पुढं, आन् शेवटी आप्पासाहेब पाठीवर उकिरड्यात. मनगट मुरगाळलं. भीमा भारा टाकून धावली, उठवायला हात दिला तर त्यांनी हात झिडकारला. आंगुळ केलेली सगळी वाया गेली हुती, त्याचा राग मोठा.

दुपारपर्यंत गावभर झालं, सूर्यभानचं कुत्रं पिसाळलं. चावडीवर ठरलं, येत्या बाजाराच्या दिवशी कुत्रं आनायचं आन् कुचला लावलेली भाकर घालायची. कुचल्याचं इख म्हंजी कुत्रं तिथंच आडवं. तात्या हात जोडून घरी आला. भीमानं त्याचं तोंड बगूनच वळखलं.

"पिसाळलेलं कुत्रं पानी पितं का?" ती म्हनाली. "ह्यानं आत्ता घमेलं रिकामं केलं."

"ते मी सांगितलं."

"मंग?"

"ते म्हनले, पिसाळलं नसंल तर पिसाळंल. आन् भीमे, कुत्रं गेल्यावर तुझा रस्ता बी बंद. लारीखाली तुला मी जाऊ देनार न्हाई."

म्हंजी इख एकाला आन् मरनार दोघं. हे तिला कुनी समजावून सांगायला नको हुतं. ती रडली न्हाई. ती फौजदाराला घेऊन सरळ सत्तारच्या दुकानी गेली.

सत्तार मटन तोडत हुता. फौजदार दुकानापुढं जाऊन असा बसला जसा कधी गेलाच नव्हता.

"सत्तारभाई, तुझ्याकडं असताना ह्यो असाच अंगावर यायचा का?"

"अंगावर? ह्यो?" सत्तार हासला. "भीमाबाई, ह्याच्यासारखं शहानं जनावर न्हाई. गिऱ्हाइकं ह्याची करामत बगायला थांबायची. हे बगा." त्यानं सुरा खाली ठेवला, फौजदाराकडं बगितलं आन् तोंडानं एक शब्द म्हनला. फौजदार ताठ बसून भुकला. सत्तारनं नळीचं हाड टाकलं. "बिनभुकता कधी द्यायचो न्हाई. आधी मागायचं, मंग खायचं."

भीमा हाडाकडं बगत नव्हती, सत्तारच्या तोंडाकडं बगत हुती. "काय म्हनलास आत्ता? पुन्हा म्हन."

"हाड."

आ वासला, जीभ टाळूला लागली. हेच तोंड. आप्पासाहेब मागं सरत सरत हेच तोंड करत हुते. वाट बदलनाऱ्या बाया, गाडीवाले, समद्यांचं हेच तोंड. कानवाल्यांना हाकलायचं हाड निराळं वाटतं आन् खायचं हाड निराळं, कारन म्हनायचा हेल निराळा. भीमाला हेल कुठला? तिला नुस्तं तोंड दिसत हुतं, आन् तोंड दोन्हीचं एकच. फौजदाराला बी एकच. आख्खं गाव त्याला हाड देतो हाड देतो म्हनत हुतं, त्यो इमानानं मागत हुता, आन् देत कुनीच नव्हतं.

भीमा मटकन खाली बसली आन् हासत सुटली. सत्तारला वाटलं हिला काय झालं. तिनं सांगितलं तवा त्यो बी कपाळ धरून बसला.

"सत्तारभाई, माझ्या कुत्र्याला तू उलटं शिकवलंस."

"म्या सुलटंच शिकवलं बाई. हाडाला हाड म्हनलं. गावच उलटं बोलतंय."

भीमा घरोघर गेली. सांगितलं, त्याला हाड म्हनू नका. लोकं फिदीफिदी हासली. दिलावर टांगेवाला म्हनला, "मंग काय म्हनू? या, बसा, पान खा?" आप्पासाहेबांनी तर ऐकूनच घेतलं न्हाई. "कुत्र्यापायी गावानं जीभ बदलायची काय? आमच्या बापजाद्यापासून हाडच म्हनत आले."

"बरं," भीमा म्हनाली. "तुमी जीभ बदलू नका."

घरी येऊन तिनं लंकाबाईला समोर बसवली. "वयनी, तुमी हाड म्हना."

"मला दुसरी कामं न्हाईत?"

"त्याचं भुकनं सोसत न्हाई ना तुमाला? मंग म्हना."

लंकाबाई म्हनाली हाड. फौजदार भुकला. भीमानं एक हात आडवा त्याच्या डोळ्यापुढं धरला, दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या नरड्यावर. भुकायचा थांबला की रश्शात बुडवलेला भाकरीचा तुकडा. पुन्हा हाड, पुन्हा हात, पुन्हा तुकडा. पहिल्यांदा तिनं त्याचं तोंड दाबून धरलं हुतं, पर त्याला ते खेळच वाटलं, आनखी चेकाळला. तोंड सोडलं, नुस्ता हात ठेवला, तवा जमायला लागलं. भुकनं थांबलं आन् भीमा खूश झाली.

लंकाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आन् तिच्यासमोर येऊन म्हनाली, "वन्सं, भुकायचं सोडून रडायला लागलंय ते."

"रडायला?"

"बारीक सूर काढतंय. कुत्रं दारात रडनं लई वंगाळ, घरात मयत व्हतं. त्याच्यापरीस भुकलेलं बरं की."

भीमाला ते बारीक रडनं कसं कळावं? ती तुकडा देत हुती आन् त्यो शिकत हुता की रडलं की भाकर मिळती. चूक कुत्र्याची नव्हती. मंग तिनं नरड्यावर बोट अगदी हलकं ठेवलं, तवा तिला लागलं. मुंगी चालल्यासारखं. ती मुंगी थांबली की मंगच तुकडा. बाजाराचा दिवस जवळ येत हुता. लंकाबाईचा हाड हाड करून घसा बसला. शेजारीन इचारायला आली की तुमच्यात कुत्री किती पाळलीत.

आन् एक गोष्ट भीमा पक्की धरून हुती. फौजदाराचं तोंड कायमचं बंद करायचं न्हाई. तात्या म्हनला हुता, भुकायचंच बंद कर, मुस्कं घाल त्याला. ती तात्यावर उखडली. "मुस्कं तुला घालते. त्यो भुकतो तवा मला सांगतो. कुनी ऐकलं न्हाई की पुन्हा सांगतो, जोरात सांगतो. माझी सासू मला हाक मारायची तशी. त्याला गप बस म्हनायचं नसतं, कळलं म्हनायचं असतं." तिचा आडवा हात म्हंजी तेच हुतं. कळलं मला. आता बस कर.

बाजाराच्या दिवशी चावडीत बसायला जागा न्हाई एवढी मानसं. कानिफनाथ, त्यो गावची जडीबुटी बगायचा, त्यानं कुचला लावलेली भाकर पानात गुंडाळून आनलेली. आप्पासाहेब मनगटाला फडकं बांधून मधी बसलेले. तात्या मागं खांबाला टेकून, मान खाली. सत्तार आन् दिलावर दारात उभे. भीमा फौजदाराला घेऊन आली, गळ्यात दोरी बी न्हाई. आप्पासाहेबांच्या बरोबर समोर बसली, त्यांचं तोंड दिसावं म्हनून.

"कुत्रं पुढं कर," आप्पासाहेब म्हनाले.

"करते की. पर पिसाळलंय का न्हाई ते आधी बगा. तुमच्या बापजाद्यांचा शब्द म्हना त्याला."

लोकं एकमेकांकडं बगायला लागली. आप्पासाहेबांना मागं सरता येईना. त्यांनी बसल्या जागी म्हनलं, "हाड."

फौजदाराचा कान ताठ झाला. नरडं हाललं. त्यानं भीमाकडं बगितलं. भीमाचा हात आडवा. त्यो बसला.

"हाड," आप्पासाहेब जोरात म्हनाले.

बसलेलाच.

आता आप्पासाहेबांना राग चढला. कुत्र्यानं भुकू नये हे त्यांना पायजे हुतं का त्यानं भुकावं हे पायजे हुतं, त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. त्यांनी हात आपटला, "हाड, हाड, हाड" असं वरडत सुटले, मानंच्या शिरा फुगल्या, डोक्यावरचा पटका सैल झाला. फौजदार जिभंनं नाक चाटत त्यांच्याकडं बगत हुता.

भीमा तिच्या त्या नदीपल्याडच्या आवाजात म्हनाली, "आप्पासाहेब, मला ऐकू येत न्हाई म्हनून इचारते. आत्ता भुकतंय कोन?"

पहिल्यांदा कुनीच हासलं न्हाई. मंग दारात दिलावरनं तोंडावर उपरनं धरलं. मंग मागचं कुनीतरी फिसकन हासलं, आन् समदी चावडी हासत सुटली. भीमाला हासू ऐकू आलं न्हाई, तिला नुस्ती हालनारी पोटं दिसली. ती मातूर हासली न्हाई. आप्पासाहेबांच्या तोंडावरची नजर तिनं काढली न्हाई.

आप्पासाहेबांनी पटका सारखा केला. "तू हात केलास म्हनून गप राहिलं. तू नसलीस तर? आमी काय त्याच्यापुढं हात करत फिरायचं?"

"हात करायचा नसला तर तोंड मिटा," भीमा म्हनाली. "त्याला तेवढं बी पुरतं. बायाबापड्या करतील हात, त्यांना लाज न्हाई वाटायची. आन् इख घालायचंच असंल तर घाला, मी काय आडवी पडत न्हाई. पर मंग पिसाळलं हुतं म्हनू नका. आमी पडलो त्याची लाज वाटली म्हनून मारलं, असं म्हना. समद्यांसमोर म्हना. माझ्याकडं तोंड करून म्हना, म्हंजी मला बी कळंल."

आप्पासाहेबांनी पानी मागितलं. कुनीतरी तांब्या दिला, ते पीत राहिले, लई येळ पीत राहिले. तेवढ्यात कानिफनाथ उठला. "ही भाकर पुरून टाकतो मी. हितं पडली तर कुनाच्या कोंबड्या मरतील." त्यो गेला आन् त्याच्यामागं मानसं बी उठायला लागली. बाजार भरला हुता, प्रत्येकाला काम हुतं. निकाल असा कुनी दिलाच न्हाई. आप्पासाहेब पुढं कैक वर्सं जगले. आमच्या गल्लीतनं जाताना त्यांनी फौजदारापुढं हात कधीच केला न्हाई, पर हाड बी म्हनाले न्हाईत. तोंड मिटून जायचे.

त्या दिवशी भीमा चावडीबाहेर आली. सकाळीच कापून आनलेला गवताचा भारा तिनं भिताडाला टेकवून ठेवलेला. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. भारा डोक्यावर चढवायला कुनीतरी लागतंच, आन् बायांचं वझं उचलू लागायचं तात्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं. त्यो चावडीच्या पायऱ्या उतरून आला. चार मानसं बगत हुती. त्यानं वाकून भाऱ्याला हात घातला, तिच्या डोक्यावर ठेवला, नीट बसवला. मंग तिला दिसावं म्हनून समोर येऊन म्हनाला, "तळावर गाड्या आल्या असतील. जानार का?"

"जानार म्हंजी," भीमा म्हनाली, आख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं. "जातेच हाय."